दळण : एक राहून गेलेला निबंध

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावलं होतं, "तू इतिहासावर लिही, पण कंटाळवाणं नको." यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती आपल्या २००५ च्या बॅचमध्ये निदान नववी 'ब'ला तरी ठाऊक असेल. नववीत असताना इतिहासाच्या सरांनी आम्हा दोघांना शिक्षा म्हणून निबंध लिहायला दिला होता. विषय : वसईचा किल्ला कसा पडला? चार पानं, स्वतःच्या शब्दांत. माझ्या बाकावरच्या मित्राने दुसऱ्याच दिवशी निबंध आणून दिला. मी गाईडमधून दीड पान उतरवलं. सरांनी ते नुसतं चाळलं आणि परत दिलं. मग चाचणी आली, गणपती आले, आणि तो निबंध राहिला तो राहिलाच. सर, हा घ्या. चार पानांपेक्षा थोडा जास्त झालाय आणि अर्ध्याहून अधिक पत्त्यांविषयी आहे. पण शिक्षाही पत्त्यांवरूनच झाली होती.

पत्ते मी आजीकडून शिकलो. मे महिन्यात दुपारी पडवीत चटईवर सुकेळी खात आम्ही भिकार-सावकार खेळायचो. आमच्याकडची रीत अशी : कॅट दोघांत निम्मा निम्मा वाटायचा, न बघता वरचं पान टाकत जायचं, आणि खालच्या पानाशी जुळलं, म्हणजे राजावर राजा किंवा सत्तीवर सत्ती पडली, की सगळा ढीग आपला. ज्याच्या हातातली पानं संपली तो भिकारी. या खेळात अक्कल लागत नाही, नुसता दम लागतो. पण समोरच्याची पानं संपवणं म्हणजे जिंकणं, हे माझ्या डोक्यात तिथेच बसलं. झब्बूत नेमकं उलटं असतं, पानं शिल्लक राहिली तो हरला. म्हणून मला झब्बू कधी आवडला नाही.

पुढे शाळेत डब्ल्यूडब्ल्यूईचे ट्रम्प कार्ड आले. मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून उंची, वजन, छाती, बायसेप्स असे आकडे ओरडायचे, मोठा आकडा ज्याचा त्याने पान घ्यायचं. वजनात बिग शोला कोण हरवणार? इथेही गठ्ठा संपला की खेळ संपला. थोडक्यात, तो आपला भिकार-सावकारच, फक्त पहिलवानांचा.

२००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झालं आणि वर्षभरात स्टेशनजवळच्या दुकानांतून त्याची नकली पानं मिळायला लागली. नावं चुकलेली, रंग फिसकटलेले. ती फक्त जमवायची आणि बदलायची असत. खेळायचं कसं, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी माझा मावसभाऊ दोहाहून आला. त्याच्याकडे जुनी खरी पानं होती आणि सोबत नियमांचं पुस्तक होतं. ते मी शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचलं. त्यात जिंकायचे तीन मार्ग दिले होते. पहिला, बाजूला ठेवलेली सहा बक्षीसपानं मिळवायची. दुसरा, समोरच्याच्या पटावर एकही पोकेमॉन उरू द्यायचा नाही. तिसरा मार्ग एका ओळीत होता : पाळी सुरू होताना ज्याला ओढायला पान नाही, तो हरला.

ती ओळ वाचून मला आजीची चटई आठवली.

हिशोब सोपा होता. डेक ६० पानांचा. सुरुवातीला ७ पानं हातात, ६ बक्षिसांत, उरली ४७. समोरचा दर पाळीला एक पान ओढणारच. म्हणजे मी फक्त तग धरायचा, गठ्ठा तो आपोआप संपवणार. आणि माझा बाकमित्र तर घाईने संपवणार, कारण त्याला 'प्रोफेसर ओक' हे पान फार प्रिय होतं : हातातली सगळी पानं टाकून द्या आणि नवीन सात घ्या. सात पानं एकदम घेताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा, तो मी मनात मोजत असे. सात गेली. आणखी सात गेली.

माझ्या डेकमध्ये चॅन्सी होती. १२० जीव, हल्ल्यात फारसा राम नाही, पण तिची एक खोड होती : नाणं उडवून छापा पडला की पुढच्या पाळीत तिला काही लागत नाही. मित्राचा भरवसा चॅरिझार्डवर. त्याचा तडाखा १०० चा, पण प्रत्येक तडाख्याला दोन एनर्जी पानं जाळावी लागत आणि एका पाळीत एकच एनर्जी लावता येई. त्यामुळे चॅरिझार्ड एकदा मारायचा आणि मग धापा टाकायचा. मी नाणं उडवायचो, जखमा भरायचो आणि वाट बघायचो.

पैजेचा सामना झाला तो एका ऑफ तासाला, शेवटच्या बाकावर. अर्धा वर्ग भोवती उभा होता. पैज ज्याच्या त्याच्या लाडक्या पानाची. त्याची चार बक्षीसपानं घेऊन झाली होती, माझं एकही नाही. सगळ्यांना वाटलं, मी गेलो. त्याने पान ओढायला हात पुढे केला आणि तिथे पान नव्हतं. मी नियमांचं पुस्तक उघडून ती ओळ मोठ्याने वाचली. तिथे थांबायला हवं होतं. पण मी बाकावर चढलो, त्याला "भिकारी, भिकारी" म्हटलं, आणि पोरांनी ते उचललं. वर्ग पाच मिनिटं ओरडत होता. त्याने चॅरिझार्ड माझ्यासमोर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याच वेळी सर दारात आले.

सरांनी पानं जप्त केली. चॅरिझार्ड तेवढा माझ्या कंपासपेटीत राहिला. सरांनी आधी खेळ कसा असतो ते विचारून घेतलं, ही त्यांची खासियत. मग म्हणाले, "म्हणजे तू वेढा घातलास." मला वाटलं, शाबासकी मिळतेय. त्यांनी दोन प्रश्न विचारले. वसई नुसत्या वेढ्याने पडली का? आणि पडल्यावर अप्पांनी पोर्तुगीजांचं काय केलं? दोन्हींची उत्तरं मला आली नाहीत. म्हणून निबंध.

आता उत्तरं देतो.

वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशेहून अधिक वर्षं त्यांच्याकडे राहिली. किल्ला तीन बाजूंनी पाण्यादलदलीत, जमीन काय ती एका अंगाला. थेट धडक देणं महाग. मराठ्यांची मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये सुरू झाली ती वसईच्या तटावर नव्हे, तर ठाणे आणि साष्टीवर. अर्नाळा त्याच वर्षी घेतला. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम आणि तारापूर पडलं. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. फेब्रुवारीत चिमाजीअप्पा स्वतः वसईसमोर बसले, आणि पाठोपाठ धारावी आणि वेसावे हातचे गेल्याने खाडीच्या तोंडाकडची मदतही अवघड झाली. म्हणजे किल्ल्यात येणारं धान्य, दारूगोळा आणि माणसं या सगळ्याच्या वाटा एकेक करून बंद केल्या गेल्या. इथवर माझं आणि अप्पांचं धोरण एक.

पण पुढचं वेगळं. पावसाळा तोंडावर आला होता, आणि तो सुरू झाला की वेढा मोडल्यातच जमा. नुसतं बसून चालणार नव्हतं. तटाखाली सुरुंग खणले गेले, मेच्या सुरुवातीला ते उडवून बुरूज फोडले, आणि त्या खिंडारात दोन्हीकडची माणसं अतोनात मेली. अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रात या लढाईची हकीकत आहे. गाईडमध्ये हे सगळं एका वाक्यात आटोपलं होतं. उपासमारीने आणि सुरुंगाने मिळून वसई पडली. यातलं एकच काही पुरलं असतं, असं मला वाटत नाही.

सरांचा पहिला प्रश्न मला समजला तो मात्र २०२० साली, आणि पुन्हा पत्त्यांमुळेच.

त्या सामन्यानंतर बाकमित्र माझ्याशी बोलला नाही. दहावीला बाक बदलला, मग कॉलेजं बदलली, तो कॅनडाला गेला. लॉकडाऊनमध्ये ग्रुपवर कोणीतरी विचारलं, घरी बसून काय खेळताय? त्याने लिहिलं, "मॅजिक अरेना." मीही तेच खेळत होतो. सोळा वर्षांनी मी त्याला पहिला निरोप पाठवला तो फक्त माझा खेळाडू क्रमांक. आपल्या सकाळी सात म्हणजे टोरंटोत रात्रीचे साडेनऊ. मग फोन कानाला लावून आम्ही रोज खेळायला लागलो. नववीचा विषय दोघांनीही काढला नाही.

ज्यांना मॅजिक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या माणसाने तयार केला आणि तो १९९३ मध्ये बाजारात आला. पानं जमवून ज्याने त्याने आपला डेक बांधायचा ही कल्पना याच खेळाने रुजवली, पोकेमॉनची पानं जपानात आली ती त्यानंतर, १९९६ मध्ये. मॅजिकमध्ये प्रत्येकाचे २० जीव आणि निदान ६० पानांचा डेक असतो. जमिनीच्या पानांतून शक्ती मिळते, त्या शक्तीने बाकीची पानं खेळायची. बहुतेक जण समोरच्याचे २० जीव शून्यावर आणतात. पण इथेही तोच नियम आहे : रिकाम्या गठ्ठ्यातून ओढायची वेळ आली की हरलात.

मार्च १९९४ मध्ये 'अँटिक्विटीज' नावाचा संच आला. त्यात 'मिलस्टोन' असं पान होतं, म्हणजे आपल्या जात्याची तळी. ते पटावर ठेवायचं, दोन शक्ती द्यायच्या, आणि समोरच्याच्या गठ्ठ्याची वरची दोन पानं थेट स्मशानात. इंग्रजी बोलणारे खेळाडू या प्रकाराला त्या पानावरून 'मिल' म्हणू लागले. छापील नियमांत मात्र तो शब्द नव्हता, तिथे दर वेळी 'वरची इतकी पानं स्मशानात ठेवा' असं लांबलचक लिहिलेलं असे. खेळाडूंच्या तोंडचा शब्द अधिकृतपणे पानावर यायला २०२० चा जुलै उजाडला. आम्ही दोघांनी त्याचं लगेच मराठी केलं. "आज तुला दळतो," असं म्हणून सकाळ सुरू व्हायची.

पहिला डेक मी नववीच्या डोक्याने बांधला. मिळेल ते दळणारं पान भरलं. त्यात 'रुइन क्रॅब' नावाचा एक शक्तीचा खेकडा होता, त्याला आम्ही चिंबोरी म्हणायचो. आपण जमीन टाकली की समोरच्याची तीन पानं खलास. 'मॅडनिंग कॅकॉफनी' दोन शक्तीत आठ पानं उडवायचं, सहा शक्ती दिल्या तर अर्धा गठ्ठा. कागदावर डेक भयंकर दिसत होता. प्रत्यक्षात मी ओळीने हरलो. त्याची दहा-पंधरा पानं उरलेली असायची आणि मी मेलेला असायचो.

मग मी वही केली. प्रत्येक हारीनंतर दोनच गोष्टी लिहायच्या : कितव्या पाळीला मेलो आणि त्याची किती पानं उरली होती. वहीवरून जे दिसलं ते असं. हातात सात गेल्यावर गठ्ठ्यात ५३ पानं राहतात. एका शक्तीत तीन जीव घेणारं 'लाइटनिंग बोल्ट' हे या खेळातलं जुनं माप आहे. २० मधले ३, तर ५३ मधले किती? जवळपास ८. म्हणजे दळणाऱ्या पानाने एका शक्तीत आठ पानं उडवली तरच ते बोल्टच्या बरोबरीचं. जुनं मिलस्टोन दोन उडवतं आणि वर दर वेळी दोन शक्ती मागतं! समोरच्याचं स्वतःचं ओढणं धरलं तरी पाळीला तीन पानं, म्हणजे अठरा पाळ्या. तितका वेळ कोण जिवंत ठेवतो? (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असतात. तिथे दळायला बसलो असतो तर एव्हाना निवृत्त झालो असतो.)

दुसरी गोष्ट वहीतून नव्हे, फोनवरून कळली. त्याचं एखादं भारी पान स्मशानात गेलं की तो हळहळायचा आणि मला आनंद व्हायचा. दोघंही चुकत होतो. गठ्ठा पिसलेला असतो. वरची तीन पानं गेली काय आणि तळाची तीन कधीच हाती आली नाहीत काय, पुढे चांगलं पान येण्याची शक्यता तीच राहते. शेवटचं पान जाईपर्यंत दळणाऱ्याने समोरच्याचं खरं तर काहीच नुकसान केलेलं नसतं. ५३ पैकी ५२ उडवली तरी त्याचे हातपाय शाबूत असतात. जीव घेणाऱ्या डेकचंही तसंच, पण त्याचे हल्लेखोर निदान प्रसंगी आडवे उभे राहून मार अडवतात. वेढ्यात उपाशी शिपाई दिवसेंदिवस दुबळा होतो, इथे तो शेवटच्या घासापर्यंत धट्टाकट्टा असतो. सरांची वेढ्याची उपमा इथे थोडी लंगडी पडते, हे मी आदरपूर्वक नोंदवतो.

उलट, तो धष्टपुष्ट होत होता. त्याच्याकडे 'ऊरो' नावाचा राक्षस होता, जो स्मशानातली दुसरी पाच पानं खाऊन परत उठतो, तीन जीव वाढवतो, वर एक पान ओढू देतो. मी स्मशान भरत होतो आणि ऊरो जेवत होता. "पाठव अजून," असं तो म्हणायचा. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस ऊरोवर आमच्या प्रकारात बंदी आली, त्या दिवशी मी घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मग डेक बदलायला घेतला. आधी दळणारी पानं कमी केली, आणि ती कमी करतानाच डेक जिंकायला लागला हे मला आजही गमतीचं वाटतं. त्यांच्या जागी 'ड्राउन इन द लॉक' आणलं. हे पान समोरच्याचा प्राणी मारतं किंवा त्याचं पान अडवतं, पण किती मोठं, ते त्याच्या स्मशानात किती पानं आहेत यावर ठरतं. म्हणजे दळलेलं पीठ पहिल्यांदाच कामाला आलं. जमिनी २४ वरून २६ केल्या, कारण चिंबोरीला जमीन लागते. 'फेबल्ड पॅसेज' चारही ठेवले : ते स्वतः जमीन म्हणून उतरतं, मग मोडून दुसरी जमीन आणतं, एका चिंबोरीमागे तीन आणि तीन, सहा पानं.

आणि क्रम. समजा गठ्ठ्यात ४८ पानं आहेत आणि माझ्याकडे एक 'अर्धा करणारं' आणि एक 'आठ उडवणारं' पान आहे. आधी आठ उडवली तर ४०, मग अर्धी, उरली २०. आधी अर्धी केली तर २४, मग आठ, उरली १६. चार पानांचा फरक, म्हणजे बहुतेक वेळा एक पाळी. आणि एक पाळी म्हणजेच बहुतेक वेळा सामना. पण अर्धं करायला सहा शक्ती लागतात, तोवर जगायचं असतं, म्हणून कधी कधी आठची घाई करावीच लागते. पावसाळा तोंडावर असताना सुरुंगाला बत्ती कधी द्यायची, तसलाच हा प्रश्न. डेक सुधारणं म्हणजे याचं उत्तर एकदाचं शोधणं नव्हे. प्रत्येक सामन्यात ते नव्याने द्यावं लागतं.

मी जिंकायला लागल्यावर त्याने तोडगा काढला. 'योरिओन' नावाचं पान बाळगायचं तर डेक ८० पानांचा करावा लागतो. त्याने केला. ५३ च्या जागी ७३. सगळी कोठारं भरून दार लावून बसला. पण ८० पानांत त्याचं चांगलं पानही उशिरा येतं, त्यामुळे मलाही वेळ मिळतो. तेव्हापासून आमचं जवळपास बरोबरीत चाललंय.

अशाच एका सकाळी त्याचा गठ्ठा संपला. पाळी सुरू झाली, ओढायला पान नव्हतं, पडद्यावर 'पराभूत' आलं. मी काहीच बोललो नाही. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "आज बाकावर नाही चढलास?"

आम्ही त्या दिवशी दुसरा डाव खेळलो नाही. दीड तास बोललो. त्याने सांगितलं की 'भिकारी' हा शब्द त्याला का लागला होता. त्या वर्षी त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती, शाळेची फी दोनदा थकली होती, आणि हे वर्गात दोघांना कळलं होतं असा त्याचा समज होता. मला कळलं नव्हतं. पण मी चढलो होतो बाकावर, हे खरं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "निबंध तरी लिहिलास का?"

सर, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मे १७३९ मध्ये किल्ल्यावरून पांढरं निशाण आलं. हजारो माणसं गमावून अप्पांची फौज तटापाशी पोचली होती, रागाला कारण भरपूर होतं. तरीही तह झाला. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांनिशी, वाजतगाजत, मानाने बाहेर पडू दिलं, बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन जायला काही दिवसांची मुदत दिली. जे मागे राहिले त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. पापडी, गिरीज, नंदाखालकडचे आपले वर्गमित्र नाताळची करंजी डब्यात घेऊन यायचे, त्यामागे हेही एक कलम आहे. देवळांसाठी चर्चच्या घंटा नेल्या गेल्या हेही तितकंच खरं, नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. ते निबंधात लपवत नाही.

मित्र स्नेहसंमेलनाला येतोय. खरी पानं घेऊन ये, असं त्याने कळवलंय. त्याचा डेक ८० चा असणार हे मी धरून चाललोय, म्हणून एक जमीन काढून चौथा 'ड्राउन' घातलाय, आणि ते बरोबर की चूक याबद्दल अजून मनात धाकधूक आहे. सरांनी २००४ मध्ये जप्त केलेली चॅन्सी त्यांच्या कपाटात अजून असेल तर मला ती बघायला आवडेल. चॅरिझार्ड माझ्याकडेच आहे. कंपासपेटीचा गंज एका कोपऱ्याला लागलाय, बाकी ठीक. तो पाकिटात घालून, वर त्याचं नाव लिहून ठेवलाय. जेवणाआधी देईन, खेळाआधी.